खूण

माझ्या अब्बांच्या कबरीवर नाव नाही. संगमरवर नाही, कट्टा नाही. उशाशी जमिनीतून दीड वीत वर आलेलं काळ्या लोखंडाचं एक पान आहे. एवढीच खूण. तीही मी जागेवर पाहिलेली नाही, कारण आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. मला ते पान माहीत आहे ते ऐरणीवर होतं तेव्हापासूनचं.

मी मिरजेची. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहे. शिक्षण बी.ए., बी.एड. वरच्या वर्गांना इतिहास-भूगोल शिकवते. दिवसभर शाळेत उर्दू, घरी दखनी आणि लिहायला बसले की मराठी, असं माझं चालतं. अब्बांविषयी उर्दूत लिहायला घेतलं की मरहूम, मगफूर, जन्नतनशीन असे भारदस्त शब्द आपोआप पुढे येतात आणि अब्बा त्यांच्यामागे दिसेनासे होतात. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये सारी हयात घालवलेला, नखांतलं काळं ग्रीस रमजान ईदच्या दिवशीही न निघणारा माणूस मला मराठीतच नीट दिसतो. त्यांचं कामावरचं सगळं बोलणं मराठीत होतं, म्हणूनही असेल.

अब्बा मे 2021 मध्ये गेले. कोरोनाची दुसरी लाट होती. अकरा दिवस इस्पितळात होते, आणि त्या अकरा दिवसांत आम्ही त्यांना पाहिलं ते एकदाच, एका वॉर्डबॉयने दया येऊन दाखवलेल्या व्हिडिओत. रात्री अडीचला फोन आला. मय्यत घरी आलीच नाही. मोहल्ल्यातली चार पोरं अंगभर पांढरे पोशाख चढवून गेली, त्यांनी जनाजाची नमाज पढली आणि फजरच्या आधी दफन केलं. भाईजान स्वतः पॉझिटिव्ह होता, माडीवरच्या खोलीत कोंडलेला. म्हणजे आमच्या घरचं एकही माणूस अब्बांना माती द्यायला नव्हतं. त्या पोरांचे उपकार आम्ही जन्मात फेडू शकणार नाही. त्या आठवड्यात आपण किती कबरी खोदल्या, याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता.

भाईजान बरा होऊन फातिहा पढायला गेला, तेव्हा एका रांगेत सारखेच ढिगारे होते. पोरांपैकी एक म्हणाला, "लिंबाच्या झाडापासून सातवी." दुसरा म्हणाला, "आठवी." भाईजान दोन्ही कबरींच्या मधे उभा राहिला आणि फातिहा पढून घरी आला. अम्मीला त्याने काही सांगितलं नाही. मला सांगितलं तेही दोन महिन्यांनी, स्वयंपाकघराच्या दारात, खाली मान घालून. पुढे आठव्या कबरीच्या घरच्यांकडे दफनाच्या दिवशी काढलेला एक फोटो निघाला, आणि सातवीच अब्बांची हे नक्की झालं. पण तोवर पावसाळा लागला होता. ओली माती खाली बसते, वर गवत येतं. मला रात्री झोप लागेना. मनात एकच हिशेब चालायचा : सातवी, आणि उद्या लिंबाचं झाडच पडलं तर?

मी भाईजानला म्हटलं, "तिथे काहीतरी खूण करू या."

तो म्हणाला, "कबर पक्की करायची नाही. तिच्यावर लिहायचं नाही. हदीस आहे."

भाईजान जमातीत जातो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे आणि मनाने फार चांगला आहे. त्याने सांगितली ती हदीस खरीच आहे, तीही मी वाचली होती. पण मी एक गोष्ट आणखी वाचली होती. हजरत उस्मान बिन मजऊन हे पैगंबरसाहेबांचे सुरुवातीच्या काळातले साथी. त्यांचं दफन झाल्यावर पैगंबरसाहेबांनी एका माणसाला दगड आणायला सांगितला. त्याला तो उचलेना. तेव्हा त्यांनी स्वतः बाह्या वर केल्या, दगड उचलून आणला आणि कबरीच्या उशाशी ठेवला. आपल्या भावाची कबर आपल्याला ओळखता यावी, असं त्यांचं कारण होतं. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही रिवायत आहे. मी पुस्तक उघडून भाईजानपुढे ठेवलं. त्याने दोनदा वाचलं. आठवडाभर काही बोलला नाही. मग मौलानांना विचारून आला आणि म्हणाला, "खूण चालेल. नाव नको, बांधकाम नको."

दगड सोपा होता. पण आमच्या कब्रस्तानात दगड जागेवर राहत नाहीत. एका दगडासारखा दुसरा असतो, आणि शेजारची कबर खोदताना ते इकडचे तिकडे होतात. मी विचार करत बसले असताना नजर दाराशी गेली. आमच्या मागच्या दाराला टेकण म्हणून लोखंडाचा एक तुकडा कित्येक वर्षं पडून होता. एस.टी.च्या कमानीचा तुटका पाटा. अब्बांनी भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने विकत आणला होता. चाकांवर गाडीचं वजन पेलणारे हे पाटे एकावर एक रचलेले असतात. खड्ड्यांच्या रस्त्याने ते तुटतात, आणि तुटलेले बदलणं हेच अब्बांचं काम. "माणसं वर बसतात, हादरे हा खातो," असं ते म्हणायचे. तो तुकडा पिशवीत घालून मी चाचांकडे गेले.

चाचा शिकलगार. बाहेरच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. शिकलगार म्हणजे तलवारी-कट्यारी घडवणारे, त्यांना धार आणि झिलई देणारे कारागीर. राज्यं गेली, इंग्रज आले, हत्यारांची मागणी आटली, तसे या लोकांचे हात रिकामे झाले. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी करायला घेतल्या, आणि ज्या घराण्यांत तलवारी व्हायच्या तिथे भोपळे आणि तारा आल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात हे सगळं छापून आलं होतं. पण सगळेच शिकलगार सतारीकडे गेले नाहीत. काही लोखंडाशीच राहिले. चाचांचं घर त्यातलं.

चाचांची भट्टी म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढे रस्ता, मागे नाला. वर्षभर कोयते, विळ्या, खुरपी, अडकित्ते. ऊसतोडीचा हंगाम आला की कोयत्यांची रांग लागते. आणि मोहरम जवळ आला की आणखी एक काम येतं : पंजे.

आपल्या भागात मोहरम कसा असतो हे मी वेगळं सांगायला नको. इमाम हुसेन आणि त्यांचे साथी हिजरी 61 च्या, म्हणजे इसवी सन 680 च्या मोहरममध्ये करबलाच्या मैदानात शहीद झाले. त्यांची आठवण इथे धातूत घडवली गेली. काठीवर चढवलेला पंजा, अलम, नालसाहेब. नालसाहेब म्हणजे इमामांच्या घोड्याचा नाल, अशी आपल्याकडे समजूत. हैदराबादेत नालमुबारकचा संबंध त्यांच्या शिरस्त्राणाशी जोडतात. बी.एड.च्या सहलीत मी तिथला बादशाही आशूरखाना पाहिला होता. मुहम्मद कुली कुतुबशाहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. त्याच्या भिंतींवरच्या रंगीत फरशा पाहताना बरोबरच्या मुली हरखून गेल्या होत्या. मला मात्र आमच्या चाचांचा काळवंडलेला नाल आठवत होता.

लहानपणी कत्तलच्या रात्री अब्बा मला खांद्यावर बसवून सवाऱ्या दाखवायला न्यायचे. खाईतल्या निखाऱ्यांचा उजेड पंजांवर पडायचा. ढोलताशाने कानठळ्या बसायच्या आणि मी अब्बांचे केस घट्ट धरून ठेवायची. त्या पंजांपैकी कितीतरी चाचांच्या हातून दुरुस्त होऊन गेलेले असत. ज्या खेड्यात मुसलमानांचं एकच घर आहे, तिथूनही पंजा घेऊन लोक यायचे. आणणारा बऱ्याचदा गावचा पाटील नाहीतर एखादा तेली-माळी असायचा. अजूनही येतात, पण पूर्वीइतके नाहीत. मोहल्ल्यातली शिकलेली पोरं आता चाचांना अडवतात. "चाचा, हे काम सोडा, गुनाह आहे," म्हणतात. चाचांना वाद घालता येत नाही. ते एवढंच म्हणतात, "मैं बुत नै बनाता बाबा, निशान बनाता."

मी या वादात पडत नाही. भाईजानचं म्हणणं मला कळतं, चाचांचंही कळतं. दोघांच्या मधे उभं राहायची मला सवय झाली आहे. कब्रस्तानात भाईजान त्या दोन कबरींच्या मधे उभा राहिला होता, तसंच काहीसं ते असावं.

चाचांनी पाटा हातात घेतला, ऐरणीवर टाकून आवाज ऐकला. "तेरे अब्बा का है?" मी मान हलवली. "क्या बनाऊं?" मी म्हटलं, "खूण. नाव नको." ते बराच वेळ पाट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पान बनाता. कबर पे सब्जा लगाते ना आपन, वैसा. ये सुखेगा नै."

त्या दिवशी रविवार होता. मी तिथेच बसून राहिले. आयुष्यभर वर्गात फळ्यापुढे उभं राहणाऱ्या बाईला एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला सहसा मिळत नाही. चाचांचा नातू आयटीआयला वेल्डिंग शिकतो. तो घण घेऊन समोर उभा राहिला. भाता केव्हाच गेला, आता विजेचा पंखा आहे. कोळसा पेटला, पाटा आधी काळपट लाल झाला, मग लाल, मग नारिंगी. पिवळ्याकडे झुकला तेव्हा चाचांनी सांडशीने तो बाहेर काढला. हातोडीने ते जागा दाखवायचे, त्याच जागी नातवाचा घण पडायचा. चार-सहा ठोक्यांत रंग उतरायचा की पाटा परत भट्टीत. नातू एकदा रंग गेल्यावरही मारायला धजावला, तेव्हा चाचा ओरडले. थंड पडलेल्या पोलादावर घाव घातला तर ते आतून तडकतं, आणि तडक लगेच दिसत नाही. त्यांनी हे पोराला सांगितलं. मी मनात वर्गातल्या दोन-तीन मुलांची नावं घेतली.

एका टोकाला पान रुंद होत गेलं, दुसऱ्या टोकाला पाटा निमुळता होऊन खुंटा झाला. मधली शीर छिन्नीने गरम असतानाच ओढली. ती अगदी सरळ आली नाही. चाचांनी ती सुधारली नाही. "पान कभी सीधा देखी क्या?" म्हणाले.

मला वाटलं, आता पाण्यात बुडवतील. कोयता करताना शेवटी ते तसंच करतात. तापलेलं पातं पाण्यात गेलं की चर्र आवाज होतो, आणि मग त्याला धार टिकते. पण त्यांनी पान राखेच्या ढिगात पुरलं. मी विचारलं तर म्हणाले, "इसकू पानी नै देनेका. पानी दिया तो कडक होता. कडक हुआ तो टूटता. इसकू किसकू काटने का है?"

राख उकरून पान बाहेर काढलं तोवर संध्याकाळ झाली होती. मग ते पुन्हा मंद तापवून त्यावर जवसाच्या तेलात भिजवलेली चिंधी फिरवली. धूर झाला, आणि राखाडी लोखंड काळंभोर होत गेलं. ते तेल सुकून लोखंडावर पापुद्रा धरतं आणि गंज अडवतं. चाचा म्हणाले, "एक साल चलेगा. फिर लगाना पडेगा." मी म्हटलं, "रंग दिला तर?" ते म्हणाले, "रंग के नीचे गंज चढा तो दिखता नै. तेल में दिखता."

याच सुमारास मी आठवीला पहिलं महायुद्ध शिकवत होते. चित्रं शोधताना बेल्जियममधल्या ईप्र या गावाचे फोटो सापडले. 2016 च्या सप्टेंबरात देशोदेशींचे लोहार त्या गावच्या चौकात जमले, ऐरणी मांडल्या, आणि टेरेन्स क्लार्क या ब्रिटिश लोहार-कलावंताच्या आराखड्यावरून त्यांनी युद्धात मेलेल्यांचं स्मारक घडवलं. माणसाच्या चौपट उंचीचा पोलादाचा पत्रा, त्यात फुलाच्या आकाराची कोरून काढलेली पोकळी, आणि पायाशी घणाखाली घडलेली 2016 लोखंडी फुलं. आता ते लांगमार्क इथे जर्मन सैनिकांच्या दफनभूमीजवळ उभं आहे. म्हणजे ब्रिटिश कारागिराने कल्पना केलेलं स्मारक त्या काळच्या शत्रूच्या शेजारी.

या युद्धाशी आपला संबंध काय, असं मुलं विचारतात. संबंध आहे. 1914 च्या ऑक्टोबरात हिंदी पलटणी ईप्रच्या आघाडीवर उतरल्या. 31 ऑक्टोबरला जवळच्याच होलेबेक इथे 129 व्या बलुची पलटणीचे खुदादाद खान सगळे साथी पडले तरी मशीनगन चालवत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी सैनिक. त्याच्या तीनच दिवस आधी फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या, दोन कंपन्या जवळजवळ कापल्या गेल्या. तिथल्या 1927 च्या स्मारकावर चार हजार सातशेहून जास्त हिंदी सैनिकांची नावं आहेत. नावं आहेत, कारण कबरी सापडल्या नाहीत. मुलं गप्प झाली. एक मुलगी म्हणाली, "टीचर, मेरे दादा का भी ऐसाच हुआ. कोरोना में." त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.

ते फोटो मी चाचांना मोबाईलवर दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, बोटांनी चित्र मोठं केलं आणि एकेक फूल बघत गेले. "हर फूल का ठोका अलग है. एक हाथ का काम नै ये." त्यांना फार आनंद झालेला दिसला. आपल्याच जातीचे इतके लोक जगात आहेत, असा काहीसा. मी त्यांना सांगितलं की तिकडे या लोकांना कलावंत म्हणतात. त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इनकू तेल कौन लगाता?"

मला उत्तर देता आलं नाही. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. स्मारक म्हटलं की आपण कायमचं काहीतरी धरून चालतो. चाचांच्या हिशेबात कायमचं काही नव्हतं. लोखंड म्हणजे गंजणार, हे त्यांनी आधीच मान्य केलेलं. पंजेसुद्धा वर्षभर पेटीत असतात. मोहरमच्या आधी ते काढतात, चिंच-राखेने घासतात, दहा दिवस उभे करतात, परत पेटीत. इतकी शतकं ते टिकले ते धातूच्या जोरावर नव्हे, दरवर्षी कुणीतरी घासत आलं म्हणून. कुरआनातल्या 57 व्या सूरेचं नावच अल-हदीद, लोखंड. लोखंडात मोठी ताकद आहे आणि माणसांसाठी फायदे आहेत, असं तिथे म्हटलेलं आहे. मी ती सूरा कितीदा पढले असेन. ते लोखंड भट्टीशेजारी बसून पाहिलं तेव्हा समजलं की त्या ताकदीलाही माणसाचा हात लागतो.

खुंटा थेट मातीत रोवायचा नाही, असं चाचांनी बजावलं. त्यांनी पाईपचा एक तुकडा दिला. पंजाला खाली काठी बसवायला नळी असते, तशीच उलटी. नळी जमिनीत, खुंटा नळीत. म्हणजे पान काढता येईल. "साल में एक बार घर ले आना. साफ करना, तेल देना, वापस रख देना." आणि जरा थांबून म्हणाले, "एक दिन वो जगा दूसरे कू देनी पडेगी. तब हमेशा के वास्ते ले आना. फेकना नक्को." आमचं कब्रस्तान लहान आहे, गाव मोठं झालं. जुन्या कबरींच्या जागी नव्या होतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी तोंडाने बोलत नाही. चाचांनी ते इतक्या सहज सांगितलं की मला रडू आलं नाही.

पैसे त्यांनी एका कोयत्याचे घेतात तेवढे घेतले. जास्त घ्यायला तयार झाले नाहीत, फुकट द्यायलाही नाही.

भाईजानने पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. कुठे काही लिहिलेलं तर नाही ना, हे बघत असावा. मग अंगठा त्या वाकड्या शिरेवरून फिरवत म्हणाला, "पाटा आहे ना हा? मागच्या दाराचा?" मी हो म्हटलं. तो जाऊन ते बसवून आला. सातव्या कबरीच्या उशाशी.

तेव्हापासून दरवर्षी शबे-बरातच्या दोन दिवस आधी भाईजान ते पान काढून घरी आणतो. मी परसात वर्तमानपत्र अंथरून बसते. चूल पेटवून पान जरा तापवते, पॉलिश पेपरने गंजाचे ठिपके काढते, जवसाचं तेल देते. अम्मी शेजारी पाटावर बसून तसबीह ओढते. माझी मुलगी चिंधी धरते. शबे-बरातच्या रात्री पुरुष कब्रस्तानात जातात, तेव्हा ते परत जागेवर जातं. हे बिदअत आहे की नाही, हे भाईजानने अजून कुणाला विचारलेलं नाही. मीही त्याला विचारलेलं नाही.

पान घरी येतं तेव्हा खुंट्याला माती लागलेली असते. कधी ओली, कधी सुकलेली, एखादं गवताचं मूळ अडकलेलं. ती माती मी सगळ्यात शेवटी पुसते. यंदा मुलीने ओल्या फडक्याने ती आधीच पुसायला घेतली. मी तिला "थांब" म्हणणार, इतक्यात भाईजान दारातून म्हणाला, "राहू दे जरा." आणि आत निघून गेला.